साधा कॅमेरा आणि गतीचे चित्र



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालवते, त्यांनी मला आठवीपासून अकरावीपर्यंत चित्रकला शिकवली. चित्रकला मला आली नाही. पुढे मी मराठीकडे वळलो, बखर वाङ्मयावर प्रबंध लिहिला आणि चौतीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. तेव्हा छायाचित्रणावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो माझ्याही मनात आला होता. उत्तर एवढेच देता येईल, की सरांनी मला चित्रकलेऐवजी दुसरे काहीतरी शिकवले, आणि ते शिक्षण एका कॅमेऱ्याच्या निमित्ताने झाले. त्या शिक्षणाचे एक देणे माझ्याकडून अद्याप फिटलेले नाही. आजच्या व्याख्यानाच्या शेवटी त्याविषयी बोलेन.

प्रथम इतिहासाकडे वळू. छायाचित्रकलेच्या प्रारंभकाळातील एक चित्र फार प्रसिद्ध आहे. पॅरिसमधील बुलेव्हार द्यु टांप्ल या रस्त्याचे हे चित्र लुई दागेरने १८३८ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून घेतले. रस्ता वर्दळीचा. त्यावरून घोडागाड्या जात होत्या, माणसे चालत होती. परंतु चित्रात रस्ता ओस पडलेला दिसतो. कारण सरळ आहे. चांदीच्या मुलाम्याच्या त्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जे जे हलले त्याची खूण पत्र्यावर राहिली नाही. घरे राहिली, झाडे राहिली, आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस राहिला. तो पाय पुढे करून बुटांना पॉलिश करून घेत होता, म्हणून पुरेसा वेळ एका जागी थांबला. छायाचित्रात उमटलेला पहिला मनुष्य म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. त्याच्या पायाशी बसून पॉलिश करणाराही चित्रात आहे. परंतु त्याचे हात चालू होते, त्यामुळे तो तितकासा स्पष्ट नाही. उभे राहून सेवा घेणारा नीट उमटला आणि सेवा करणारा पुसट झाला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

पुढील चाळीस वर्षे छायाचित्रकारांचा झगडा प्रामुख्याने या वेळेशी होता. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. तरीही माणसाचे चित्र काढायचे तर त्याच्या मानेमागे लोखंडी आधार लावून त्याला निश्चल बसवावे लागे. आपल्या पणजोबांच्या पिढीतील चेहरे जुन्या चित्रांत इतके कठोर का दिसतात, याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधू नये. ते श्वास रोखून बसलेले असत. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि त्यानंतरच्या दशकभरात काचा इतक्या संवेदनशील झाल्या की सेकंदाचा अंश पुरेसा होऊ लागला. आपल्याकडे इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक असलेल्या लाला दीनदयाळांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले, ते याच संक्रमणाच्या काळात.

गतीचा खरा प्रश्न मात्र एका घोड्याने सोडवला. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी जमिनीवरून सुटलेले असतात काय, हा जुना वाद होता. चित्रकारांनी तो आपल्यापुरता मिटवला होता. तेओदोर जेरिकोने १८२१ मध्ये एप्सम येथील शर्यतीचे चित्र रंगवले, त्यात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून जणू हवेत पोहत आहेत. पाहणाऱ्याला ते खरे वाटत असे, कारण डोळ्याला वेगळे काही दिसतच नव्हते. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, लेलँड स्टॅनफर्ड या धनिकाच्या घोड्यांवर, एडवर्ड मायब्रिजने प्रयोग केला. धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे सत्तावीस सत्तावीस इंचांवर मांडले. प्रत्येकाच्या शटरला जोडलेला धागा घोड्याच्या वाटेत आडवा ताणला. घोडा धावत गेला तसे धागे तुटत गेले आणि शटरे उघडमिट झाली. प्रत्येक चित्रास सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षा कमी वेळ दिल्याचे मायब्रिजने चित्राच्या कार्डावर छापले आहे. उत्तर मिळाले ते असे : होय, चारही पाय सुटतात, परंतु ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. शतकानुशतके चित्रकारांनी जे दाखवले, त्याच्या नेमके उलट. १८८२ मध्ये फ्रान्समध्ये एत्येन झ्यूल मारे याने बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला, तो सेकंदाला बारा चित्रे टिपत असे. उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा, चाप ओढायचा, आणि पक्षी मात्र जिवंत राहायचा.

या साऱ्या गोष्टी धनिकांच्या पैशावर आणि शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत घडल्या. ज्याच्याजवळ एक साधा कॅमेरा आहे, त्याने गती कशी टिपावी? या प्रश्नाचे एक उत्तर ज्याच्या हातून मिळाले, तो आपल्या बडोद्यात शिकलेला होता, हे सांगताना मला अभिमान वाटतो. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये येथे कलाभवन स्थापन केले. त्याची धुरा प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. त्याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रणाची प्रक्रिया आत्मसात केली. पुढे त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय थाटला; तेथे प्लेगने त्यांची पत्नी आणि मूल हिरावून नेले. १९१२ मध्ये ते लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढण्यास पैसा हवा होता आणि पैसेवाल्यांचा विश्वास बसत नव्हता. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी चित्रे घेत राहिले. पडद्यावर ती अवघ्या मिनिटाभरात सरकली आणि पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत बीजातून कोंब आला, पाने फुटली, वेल वर चढला. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचे नाव. सेकंदाला सोळा चित्रांचा हिशेब धरला तर मिनिटाला ९६० चित्रे होतात. म्हणजे सरासरीने रोज तीसेक. याच चित्राने त्यांना भांडवल मिळवून दिले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मायब्रिजपुढे घोडा होता, डोळ्याला न पेलणारा वेग होता. फाळक्यांपुढे वाटाणा होता, डोळ्याला न जाणवणारा संथपणा होता. एकाने वेग थांबवून दाखवला, दुसऱ्याने संथपणाला वेग दिला. दोघांनीही यंत्रापेक्षा अधिक विश्वास आपल्या धीरावर ठेवला.

आता माझ्या हाती आलेल्या यंत्राविषयी. १९६८ साली मी अकरावीत होतो. सरांकडे आग्फा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा होता. तो परदेशी नावाचा असला तरी बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. त्याहून साधा कॅमेरा असू शकत नाही. एकच भिंग. ऊन आणि ढग अशी दोन चिन्हे, प्रकाशाप्रमाणे त्यांतील एक निवडायचे. शटरचा वेग ठरलेला, सुमारे सेकंदाचा तिसावा भाग. तो बदलण्याची सोयच नाही. १२० चा रोल घातला की बारा चौकोनी चित्रे निघत. त्या वर्षीच्या क्रीडामहोत्सवाची चित्रे तू काढ, असे सांगून सरांनी तो कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. मी शंभर मीटरच्या शर्यतीच्या कडेला उभा राहिलो आणि सगळा रोल तेथेच संपवला. सरांनी रात्री रोल धुतला. बाराही चित्रांत मैदान, तंबू, बाकांवर बसलेले पाहुणे लख्ख आले होते. धावणाऱ्या मुलांच्या जागी राखाडी फराटे होते.

मी रडवेला झालो. सर रागावले नाहीत. त्यांनी एक कागद ओढला आणि म्हणाले, "अरे, गणित कर. मुलगा सेकंदाला सहा मीटर धावतो. तुझे शटर तिसाव्या भागात मिटते. तेवढ्यात तो किती सरकला?" मी हिशेब केला : वीस सेंटिमीटर. भिंग आणि फिल्म यांतील अंतर सुमारे सात सेंटिमीटर, मुलगा दहा मीटरवर; म्हणजे फिल्मवर त्याची प्रतिमा जवळजवळ दीड मिलिमीटर सरकली. त्याच फिल्मवर त्याच्या चेहऱ्याची रुंदी जेमतेम एक मिलिमीटर. "म्हणजे चेहरा स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त सरकला," सर म्हणाले. "मग तो दिसेल कसा? दोष कॅमेऱ्याचा नाही. तू कुठे उभा राहिलास आणि केव्हा चाप दाबलास, याचा आहे."

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. त्या मी येथे विद्यार्थ्यांसाठी नोंदवतो. कॅमेरा कोणताही असो, त्या जुन्या होत नाहीत.

पहिली गोष्ट, जागा. धावणारा आपल्यासमोरून आडवा जात असेल तर तो फिल्मवर अधिकात अधिक सरकतो. तोच आपल्या दिशेने येत असेल तर वीस सेंटिमीटरने फक्त जवळ येतो. दहा मीटरवर एवढ्याने त्याची प्रतिमा शेकडा दोनच वाढते. हातपाय थोडे पुसट होतील, परंतु चेहरा ओळखू येईल. म्हणून शर्यतीच्या कडेला नव्हे, अंतिम रेषेच्या पलीकडे उभे राहावे.

दुसरी गोष्ट, क्षण. बहुतेक हालचालींत एक थांबण्याची जागा असते. झोपाळा टोकाला गेला की परतण्यापूर्वी थबकतो. उंच उडी मारणारा वर चढतो, खाली येतो, आणि मधल्या क्षणी वर वा खाली कुठेच जात नसतो. हा काव्यात्म भास नव्हे. शिखराच्या क्षणाच्या अलीकडेपलीकडे मिळून सेकंदाचा तिसावा भाग घेतला, तर गुरुत्वाकर्षणाने होणारे सरकणे दीड मिलिमीटरहूनही कमी भरते. सर मला चेंडू वर फेकायला लावत आणि तो सर्वोच्च जागी पोचला की टाळी वाजवायला सांगत. टाळी बरोबर पडू लागल्यावरच त्यांनी मला दुसरा रोल दिला. बोटाला निरोप पोचण्यास वेळ लागतो, म्हणून शिखर दिसल्यावर नव्हे, दिसण्याच्या किंचित आधी चाप दाबायचा, हेही तेव्हा कळले.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. माणूस थांबत नसेल, तर आपण त्याच्याबरोबर फिरायचे. पाय रोवून उभे राहायचे, कंबरेतून वळायचे, चालत्या माणसाला चौकटीच्या मध्यावर धरून ठेवायचे आणि वळता वळताच चाप दाबायचा. दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. असे केले की फिल्मच्या दृष्टीने माणूस स्थिर होतो आणि जग सरकू लागते. फ्रान्समधील झाक आंरी लार्तिग या तरुणाने १९१२-१३ च्या सुमारास एका शर्यतीच्या मोटारीचे चित्र असेच कॅमेरा वळवत घेतले. त्याच्या कॅमेऱ्याचे शटर म्हणजे काचेसमोरून सरकणारी एक फट होती. त्याचे वळणे मोटारीला पुरे पडले नाही, म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आणि कडेचे प्रेक्षक उलट दिशेला कलले. नियमाने पाहिले तर ते चित्र फसलेलेच. अर्धशतकानंतर, १९६३ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने लार्तिगच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले आणि वेगाचे दर्शन घडवणारे चित्र म्हणून त्या मोटारीला जगभर मान्यता मिळाली.

या तिसऱ्या धड्यासाठी सरांनी मला रोज सकाळी फाटकाशी उभे केले. त्या वेळी आपल्या शाळेत एक शिपाई होते. आम्ही सर्व मुले त्यांना मामा म्हणत असू. घंटा देणे, वर्ग झाडणे, माठ भरणे, पडलेल्या मुलाला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेणे, ही सारी कामे त्यांची. रोज सकाळी ते सायकलवरून टपाल आणि खडूंची खोकी घेऊन येत. मी त्यांच्याबरोबर वळत असे आणि चाप दाबत असे. नऊ चित्रे फुकट गेली. दहाव्यात मामा उमटले. डोक्यावरची टोपी, मिशा, हँडलला लटकवलेली पिशवी, सारे स्पष्ट. चाकांच्या आऱ्या तेवढ्या नाहीशा झालेल्या. आणि त्यांच्या मागची आपली शाळा, तिचे खांब, तिच्या खिडक्या, आडव्या रेघा होऊन वाहत चाललेल्या.

सरांनी ते चित्र लाल दिव्याखाली हायपोतून काढले आणि बराच वेळ पाहिले. मग मला घेऊन ते मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या भिंतीशी गेले. तेथे शिक्षकवृंदाचे एक जुने सामूहिक छायाचित्र होते. सर तेव्हा शाळेत नुकतेच रुजू झाले होते. मागल्या रांगेत ते उभे आहेत. ते चित्र मी शेकडो वेळा पाहिले होते. सरांनी उजव्या कडेला बोट ठेवले. तेथे खांबाशेजारी एक पांढुरका डाग आहे, मी तो आजवर काचेवरचा ओरखडा समजत होतो. "हे मामा," सर म्हणाले. "खुर्च्या त्यांनीच मांडल्या, आणि मग त्यांनाही कडेला उभे केले. फोटोवाल्याने भिंगावरचे झाकण काढले, तोच घंटेची वेळ झाली. आम्ही सगळे पुतळ्यासारखे बसलो. मामा वळले. त्यांना घंटा द्यायची होती ना!"

मित्रहो, बखरींच्या अभ्यासात मी पुढे तीस-पस्तीस वर्षे घालवली. पानिपतावरच्या बखरी वाचताना सरदारांची नावे सापडतात, त्यांची पथके सापडतात, घोड्यांची गणती सापडते; फौजेबरोबर चाललेल्या हजारो बुणग्यांना मात्र नावे नसतात. बखरकाराला मी कधी दोष दिला नाही. तो दुष्ट नव्हता. त्याची लेखणी मंद होती, दागेरच्या पत्र्यासारखी. ज्यांना एका जागी बसण्याची ऐपत होती ते तिच्यावर उमटले. ज्यांचे हात चालू होते ते पुसट झाले. हा सिद्धांत मी विद्यार्थ्यांना उत्साहाने शिकवत असे आणि तो मला फार पटलेलाही होता.

आता त्या देण्याविषयी. मामांचे ते चित्र सरांनी मला दिले. त्याच्या मागे सरांच्या अक्षरात तारीख आहे, उन्हाचे चिन्ह आहे, कोणत्या चिन्हावर भिंग ठेवले त्याची नोंद आहे. या व्याख्यानाची तयारी करताना मी ते पेटीतून काढले आणि माझ्या लक्षात आले, की त्यावर नाव नाही. मी आठवू लागलो. मामांचे नाव मला ठाऊक नाही. त्यांचे गाव ठाऊक नाही, आडनाव ठाऊक नाही. माझ्या वर्गातील जे चौघेजण आज हयात आहेत त्यांना मी विचारले. प्रत्येकाला मामा आठवतात, त्यांची सायकल आठवते, तापात त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात आठवतो. नाव कोणालाच आठवत नाही. सर आता विचारण्याच्या पलीकडे गेले. ज्याने आयुष्यभर बखरकारांची उणीव दाखवली, त्याच्या स्वतःच्या हातून तीच उणीव घडली. आणि माझ्यापाशी तर मंद लेखणीची सबबही नव्हती. मी त्यांना स्पष्ट टिपले होते. एक शब्द विचारायचा राहिला.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेच्या दप्तरात जुनी पगारपत्रके आणि शिपायांची हजेरीपुस्तके असतील. ती वाळवीला देण्यापूर्वी कोणीतरी पाहावीत. वरच्या वर्गातील दोन विद्यार्थी मला मिळाले तर त्यांच्याबरोबर मी स्वतः बसेन. मोडी वाचण्याची वेळ आली तर तीही मला येते. भिंतीवरच्या प्रत्येक सामूहिक छायाचित्राखाली, बसलेल्यांची आणि उभ्या असलेल्यांची, कडेला पुसट झालेल्यांचीसुद्धा, नावे लिहून काढावीत. आपल्या मराठी शाळेत वर्षागणिक मुले कमी होत आहेत, हे आपण सर्व जाणतो. नावे सांगू शकणारी माणसे त्याहून वेगाने कमी होत आहेत.

विद्यार्थी मित्रहो, आज तुमच्या घरच्या मोबाइलमधील कॅमेरा सेकंदाचा हजारावा भाग सहज टिपतो. मायब्रिजला बारा कॅमेरे आणि एका कोट्यधीशाचा आश्रय लागला, ते तुम्ही अंगणात उभे राहून करू शकता. गती टिपणे आता कठीण राहिलेले नाही. तरीही सरांच्या तीन गोष्टी लक्षात असू द्या : कुठे उभे राहावे, केव्हा दाबावे, आणि जो थांबू शकत नाही त्याच्याबरोबर आपण कसे वळावे. त्यांत चौथी गोष्ट मी माझ्या चुकीतून जोडतो. चित्र काढून झाले की त्या माणसाला हाक मारा आणि त्याचे पूर्ण नाव विचारून लिहून ठेवा.

मामांचे छायाचित्र मी आज चौकटीत बसवून आणले आहे. ते मी शाळेला अर्पण करतो. चौकटीखालची पट्टी कोरी ठेवली आहे. हजेरीपुस्तक सापडले, की तेवढी भरावी.